टाकलेली घरं आणि शेवटची बाई

‘टाकलेली’ या शब्दाशी आपल्या चळवळीनं बरीच झटापट केली आहे. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईला लोक ‘टाकलेली’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात टाकणारा अलगद नाहीसा होतो. उरते ती फक्त बाई, जणू टाकलं जाणं हा तिचाच दोष. परित्यक्तांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी आम्हांला एक गोष्ट नीट शिकवली: जिथं जिथं ‘टाकलेली’ असं ऐकाल, तिथं ‘कोणी?’ हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

हा शब्द मला परक्या मुलखात पुन्हा आठवला. एमएसडब्ल्यू करून मी काही वर्षं महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये काम केलं, आणि आता वेल्समध्ये वृद्धांच्या विभागात सोशल वर्कर आहे. वेल्स म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ देश. त्याला स्वतःची भाषा आहे, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार ती बोलणारी माणसं जेमतेम ५ लाख ३८ हजार, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. माझं काम मध्य वेल्सच्या डोंगराळ भागात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वाड्या-वस्त्या. असा एकही पॅरिश मी पाहिला नाही जिथं ओसाड घरं नाहीत. छप्पर गेलेलं, भिंती अर्ध्या, धुराडं मात्र उभं. भोवती एल्डरचं झाड आणि अंगाला लागली की आग करणारी नेटल. नेटलला माणसाच्या नि जनावरांच्या वावरानं कसदार झालेली जमीन आवडते. त्यामुळे भिंत पार गेली तरी इथं घर होतं, एवढं ती सांगते.

या घरांचे फोटो काढायला शहरांतून लोक येतात. फोटो सुंदर असतात, आणि खाली लिहिलेलं असतं ‘टाकून दिलेलं शेतघर’. टाकलं कोणी, हे काही लिहिलेलं नसतं. शिवाय त्या घरात शेवटी कोण राहत होतं, असं गावात विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: एक म्हातारी बाई होती. तिचं नाव मात्र पटकन आठवत नाही, घराचं नाव आठवतं. वेल्समध्ये आडनावं थोडी. एका गावात दहा घरं जोन्स आणि आठ घरं डेव्हिस. म्हणून माणसं एकमेकांना शेतघराच्या नावानं ओळखतात. लग्न झालं की बाईचं घर बदलतं, घराबरोबर ओळख बदलते, आणि घर पडलं की तीही जाते.

या लेखात मला घर आणि बाई यांच्या या नात्याबद्दल बोलायचं आहे. घर चालवतं कोण, आणि घर कुणाचं असतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ओसाड घरांच्या कहाणीत ते मुद्दाम एकत्र कालवले जातात.

चुलीपासून सुरुवात करू. वेल्श भाषेत ‘आयल्विद’ म्हणजे चुलीची जागा, आणि तोच शब्द घराला, घरपणालाही आहे. आपल्याकडं जशा ‘चुली वेगळ्या झाल्या’ की घरं वेगळी होतात, तसंच. जुन्या शेतघरांत विस्तव रात्री राखेखाली झाकायचा आणि पहाटे राख सारून पुन्हा फुलवायचा, अशी रीत होती. तो विझू न देणं हे घरच्या बाईचं काम. आता याच विस्तवाला पुरुषांच्या कायद्यात काय किंमत होती ते पाहा. मध्ययुगीन वेल्श कायद्यात, म्हणजे हवेल राजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या संहितेत, ‘दादानिद’ नावाचा एक दावा होता. शब्दाचा अर्थच झाकलेला विस्तव उघडणं. ज्या जमिनीवर बापाची चूल होती, त्या जमिनीवर मुलगा या दाव्यानं हक्क सांगे. मुलगी नव्हे. जमिनीचा वारसा बापाकडून मुलांकडं जाई. मुलींना तो सहसा मिळत नसे. विस्तव जपायचा आईनं, राख उकरायची बहिणीनं, आणि त्या राखेच्या जोरावर जमीन मागायची भावानं!

पुढच्या काळात गरिबांमध्ये ‘टी इन्नोस’ म्हणजे ‘एका रात्रीचं घर’ ही समजूत रूढ झाली. गावच्या सामायिक जमिनीवर सूर्यास्तानंतर घर बांधायला घ्यायचं, आणि उजाडेपर्यंत धुराड्यातून धूर निघाला तर ते घर बांधणाऱ्याचं. दारातून कुऱ्हाड फेकायची, ती पडेल तिथपर्यंतची जमीनही त्याची. देशाच्या कायद्यानं हे कधी मानलं नाही, पण लोकांनी मानलं, आणि अशी घरं उभी राहिली. कथा सांगताना कुऱ्हाड फेकणारा सगळ्यांना आठवतो. त्या पहाटे ओल्या लाकडांवर फुंकर घालून धूर कोणी काढला, हे कोणी सांगत नाही.

आता विसाव्या शतकाकडं येऊ. मध्य वेल्समध्ये एपिंट नावाचं पठार आहे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सैन्याला तोफांच्या सरावासाठी जागा हवी झाली. १९४० साली तिथल्या शेतकऱ्यांना घरं सोडण्याच्या नोटिसा आल्या. मेंढ्यांच्या विणीचा हंगाम म्हणून मुदत थोडी वाढली, आणि जून अखेर सगळं रिकामं झालं. ५४ घरं, २१९ माणसं, सुमारे ३० हजार एकर जमीन. शाळा गेली, चॅपल गेलं, दारूचा गुत्ता गेला. बहुतेकांना वाटत होतं, युद्ध संपलं की परत येऊ. एक शेतकरी तर कित्येक दिवस परत जाऊन आपल्या रिकाम्या घरात चूल पेटवून येत होता. भिंतींना ओल लागू नये म्हणून. शेवटी त्याला सांगण्यात आलं, आता येऊ नका, घर उडवून दिलंय. युद्ध संपलं, पण जमीन परत मिळाली नाही. आजही तिथं सैन्याचा सराव चालतो. खरी गावं गेली, आणि सैनिकांना गावातली लढाई शिकता यावी म्हणून एक खोटं गाव बांधलं गेलं.

हे घर सोडणं चालू असताना, जूनच्या अखेरीस, राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाचे अभ्यासक योर्वर्थ पीट तिथं गेले होते. वेल्श लोकजीवनाचे ते मोठे जाणकार. वेल्श घरांवरचं त्यांचं पुस्तक त्याच वर्षी, १९४० मध्ये प्रसिद्ध झालं. जाणाऱ्या घरांच्या नोंदी करून ठेवाव्यात म्हणून ते आले होते. एका अंगणात ऐंशी ओलांडलेली एक बाई खुर्ची टाकून बसली होती. डोंगराकडं पाहत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ती त्याच घरात जन्मलेली. तुम्ही कुठून आलात, असं तिनं विचारलं. त्यांनी कार्डिफ सांगितलं. त्यावर ती म्हणाली, बाळा, लवकर परत जा, इथं जगाचा शेवट झालाय. पीटनी ही भेट लिहून ठेवली, आणि एपिंटची गोष्ट सांगणारे आजही हा प्रसंग सांगतात.

तो वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मैत्रिणींनो, डोळे पुसल्यावर विचार करायला हवा. एवढ्या मोठ्या विस्थापनाचं प्रतीक एक म्हातारी बाई होते. मूळ निर्णय घेताना तिला कोणी विचारलं होतं का? नोटीस जाते ती मालकाच्या किंवा कुळाच्या नावानं. भरपाईची बोलणी होतात ती त्याच नावाशी. बाई मात्र सगळं ठरून गेल्यावर चित्रात येते, रडण्यासाठी. ज्या व्यवस्थेनं तिचं नाव कधी कागदावर घेतलं नाही, तिला तिचे अश्रू मात्र चालतात.

भरपाईचा विषय निघालाच आहे तर एलान खोऱ्याचंही सांगते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराला पाणी हवं होतं म्हणून १८९३ पासून या खोऱ्यात धरणं बांधली गेली आणि १९०४ मध्ये राजाच्या हस्ते त्यांचं उद्घाटन झालं. सुमारे शंभर माणसं हलली. भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. कुळांना आणि मजुरांना काही नाही. कुळाच्या बायकोची तर गोष्टच नको. १९६५ मध्ये लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे गाव बुडवलं गेलं. त्या वेळी मात्र बायका अंगणात बसून राहिल्या नाहीत. बचाव समितीच्या सचिव एलिझाबेथ वॉटकिन जोन्स ही बाईच होती, आणि १९५६ मध्ये गावकऱ्यांनी लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा काढला त्यात बायकामुलं होती. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही १९५७ च्या त्या विधेयकाच्या बाजूनं मत दिलं नाही, तरी ते मंजूर झालं. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेनं माफी मागितली २००५ मध्ये. तोवर चाळीस वर्षं चुलींवरून पाणी वाहत होतं.

पण सगळीच घरं तोफांनी नि धरणांनी रिकामी केली नाहीत. बहुतेक हळूहळू रिकामी झाली, आणि इथं आपण प्रामाणिक राहायला हवं. या घरांतून आधी बाहेर पडल्या त्यात मुलीही होत्या. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पश्चिम वेल्समधल्या मुली लंडनच्या बागांत खुरपणीला चालत जात. पुढं त्या शहरांत घरकामाला गेल्या, लंडनमधल्या वेल्श गवळ्यांच्या दुकानांत गेल्या, नर्स आणि शिक्षिका झाल्या. त्यांच्यासाठी ते घर सुटणं म्हणजे सुटकाच होती. विहिरीचं पाणी, मेणबत्तीचा उजेड, दहा जणांचे कपडे, आणि एवढं करून शेत भावाचंच. ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी त्या मुलींना विचारायला हवं होतं.

मग मागं कोण राहिलं? लग्न न झालेली एखादी बहीण, जिनं आधी आईवडिलांचं केलं आणि मग भावाचं. किंवा विधवा. एकोणिसाव्या शतकात शेतं बहुतेक वर्षाच्या करारानं असत. नवरा गेला की विधवेला कुळ म्हणून ठेवायचं की नाही हे जमीनदाराच्या मर्जीवर. शेतकऱ्याच्या बायकोचं काम तर मोजायचंच सोडून दिलं. १८५१ पासूनच्या जनगणनांत शेतकऱ्याच्या बायकोची नोंद काम करणाऱ्यांत होई. १८८१ मध्ये ती बिनकामाची ठरली. लोणी तीच काढत होती, कोंबड्या तीच पाळत होती, अंडी बाजारात तीच नेत होती. एका वर्षात तिनं काम सोडलं नाही. सरकारनं मोजणं सोडलं.

आता माझ्याकडं येते, कारण दुसऱ्यांवर बोट ठेवून थांबणं बरं नाही. ओळख पटू नये म्हणून पुढच्या हकिगतीतले काही तपशील बदलले आहेत.

सत्त्याऐंशी वर्षांच्या एका बाईंचं प्रकरण माझ्याकडं आलं. डोंगराच्या कडेला शेतघर, त्यात एकट्या. लग्न केलं नव्हतं. त्याच घरात जन्मल्या, आईवडिलांचं आजारपण काढलं, भावाचं काढलं. घर आधी वडिलांचं, मग भावाचं, आता भाच्याचं. सत्त्याऐंशी वर्षांत त्यांचं नाव त्या घराच्या एकाही कागदावर आलं नाही. हिवाळ्यात दोनदा पडल्या. भाचा दूर शहरात राहतो, चांगला माणूस आहे, त्याला काळजी होती. आमच्या कार्यालयात बैठक झाली. भाचा होता, नर्स होती, माझे वरिष्ठ होते, मी होते. जिना चढता येतो का, रात्री शौचालयाला कोण नेणार, बर्फ पडला तर गाडी वर पोचेल का, हे सगळे प्रश्न आम्ही रीतसर लिहिले. बाई बैठकीत नव्हत्या.

वेल्सचा २०१४ चा समाजसेवा कायदा चांगला आहे. त्याच्या गाभ्याशी एक साधी गोष्ट आहे: माणसाला विचारा, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय? शिवाय, वेल्श भाषेतली सेवा मागायला लागू नये, आपणहून पुढं करावी, असं सरकारी धोरण २०१२ पासून आहे. हे सगळं मला पाठ होतं. पण मला वेल्श येत नाही. वेल्श बोलणारी सहकारी त्या आठवड्यात रजेवर होती, आणि पलंग रिकामा होता तो दुसऱ्या कुणाला गेला असता. मी एकटी गेले, इंग्रजीत विचारलं, तुम्ही तिकडं जायला तयार आहात ना? त्या हसल्या आणि ‘यस, डिअर’ म्हणाल्या. मी रकान्यात खूण केली: इंग्रजी समजते, संमती आहे.

नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या समोर ‘हो’ म्हणणाऱ्या बाईचं ‘हो’ खरं धरायचं नाही, हे आपण प्रत्येक शिबिरात शिकवतो. मीही शिकवलं आहे. पण कागद हातात घेऊन, परक्या भाषेत विचारणारी मीच तिथं सासरा झाले होते, हे माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांना न्यायला गेले त्या सकाळी स्वयंपाकघरातली शेगडी गार होती. एरवी ती कधी विझत नसे. आदल्या रात्री त्यांनी ती स्वतः विझू दिली होती, जाळी घासून ठेवली होती, राख बाहेर नेऊन टाकली होती. पडण्याची भीती म्हणून आम्ही ज्यांना हलवत होतो, त्या बाईंनी राखेची बादली उचलून अंगण ओलांडलं होतं. पुढं तीन आठवड्यांनी, त्यांच्याकडं रोज येणारी मदतनीस बाई मला बाजारात भेटली. ती वेल्श बोलणारी. ती म्हणाली, त्या मला रोज सांगत होत्या, उन्हाळ्यापर्यंत तरी राहू द्या, खालच्या खोलीत पलंग लावा, जिना चढणारच नाही. ‘मग तू आम्हांला का नाही सांगितलंस?’ असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘मला कोणी विचारलं?’

तीही तुटपुंज्या पगारावर काम करणारी बाईच. तिलाही बैठकीला बोलावलं नव्हतं.

खाली पलंग लावला असता तर सगळं ठीक झालं असतं, असं माझं म्हणणं नाही. कदाचित त्या पुन्हा पडल्या असत्या. पण ती जोखीम त्यांची होती, आणि ती घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. सहकारी परतल्यावर मी तिला घेऊन त्यांच्याकडं गेले, त्यांचं म्हणणं वेल्शमध्ये लिहून घेतलं आणि फेरविचाराचा अर्ज केला. तोवर घर विकायला निघालं होतं. आज ते घर कुलूपबंद आहे. काही वर्षांनी कोणी फोटो काढेल आणि खाली लिहील, ‘टाकून दिलेलं’. त्या बाईंनी ते टाकलं नव्हतं. त्यांच्याकडून ते सोडवून घेतलं गेलं, आणि सोडवणाऱ्यांत मी होते.

हे सगळं तुम्हांला कशासाठी सांगायचं? आपल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मवर पहिला रकाना ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असतो, आणि आपल्याच कार्यकर्त्या तिथं विचार न करता पुरुषाचं नाव लिहितात. मी शेकडो वेळा लिहिलं आहे. ते फक्त नाव नसतं. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला होता, सज्ञान मुलगी मात्र धरली नव्हती. मध्ययुगीन वेल्समधल्या भावानं राख उकरून जे मागितलं, ते आपल्या काळात लवादानं टाइप करून दिलं. घर जाताना कोणाला किती मिळणार, कोणाला विचारलं जाणार, हे त्या पहिल्या रकान्यातच ठरून गेलेलं असतं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक: घर, जमीन, पुनर्वसन यांची कुठलीही नोंद करताना आधी विचारा, इथली चूल कोण पेटवतं? तिचं नाव लिहा, पूर्ण नाव, स्वतंत्र ओळीवर. दोन: बाईचं मत विचारायचं ते तिच्या भाषेत, ती एकटी असताना आणि एकापेक्षा जास्त वेळा. पहिल्या ‘हो’वर फाइल बंद करू नका. तीन: घर सोडून जाणाऱ्या मुलीला दोष देऊ नका, आणि मागं राहणाऱ्या बाईची पूजाही करू नका. दोघींनाही हक्क हवा आहे, एकीला जाण्याचा आणि दुसरीला राहण्याचा.

इथल्या काही गावांत लोक जुन्या घरांच्या याद्या करतात: घराचं नाव, कुळाचं नाव, रिकामं झाल्याचं साल. मी आता अशा एका गटात जाते. चौथा रकाना घालायला मी सुचवलं: शेवटची राख कोणी काढली? सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. मग एक एक करून सांगू लागली: माझी आत्या, माझी मावशी, आमच्या शेजारची ती... आणि आता नाव आठवायला लागलं आहे.